मत्स्यपेटीला पाइप कडक घ्यावा की नरम?

कराडहून चिपळूणकडे जाणाऱ्या रस्त्याने पाटण मागे पडले की कोयनानगरपर्यंत हॉटेले, लॉज आणि लहानमोठी दुकाने लागतात. धरण, नेहरू उद्यान आणि ओझर्ड्याचा धबधबा पाहायला येणारे गिऱ्हाईक चहापाण्याला थांबते. गल्ल्याशेजारी रंगीत माशांची पेटी असली तर मुले तिच्यापुढून हलत नाहीत आणि मुले हलत नाहीत म्हणून आईबाप आणखी एक प्लेट भजी मागवतात. दुकानदाराला हा हिशेब कळायला वेळ लागत नाही. दुसरीकडे, शोभेचे मासे वाढवून विकण्याचा जोडधंदाही आता सरकारदरबारी मान्य झाला आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागच्या जागेत असे संगोपन केंद्र उभारण्याचा खर्च ३ लाख रुपये धरला होता. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदान ठेवले होते.

या धंद्यात उतरू पाहणारे तरुण माशांच्या जाती विचारतात, खाद्य विचारतात, मुंबईत कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला माल काय भावाने मिळतो ते विचारतात. पाइपाबद्दल कोणी विचारत नाही. काच पारखून आणतात, पंप नावाजलेल्या कंपनीचा घेतात आणि पाइप मात्र प्लंबरच्या पिशवीत जो निघेल तो. वास्तविक चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीत सुमारे २५० लिटर पाणी मावते. ते वरच्या पेटीतून खालच्या गाळणीच्या टाकीत आणि तेथून परत वर असे चोवीस तास फिरवत ठेवण्याचे काम पाइपाला करायचे असते. एक जोड सुटला तर पाणी जमिनीवर, पंप कोरडा आणि मासे तळाशी. सबब या लेखात फक्त पाइपाचा विचार करू.

बाजारात पीव्हीसी पाइप दोन प्रकारचा मिळतो, कडक आणि नरम. कोणता घ्यावा, हा प्रश्न मुंबई-पुण्यात सोयीचा आणि पैशाचा आहे. कोयनानगरात, जिथे जमीन स्वतःच अधूनमधून हलते, तिथे तो त्याहून थोडा अधिक आहे.

माल एकच, स्वभाव दोन

कडक आणि नरम हे दोन वेगळे पदार्थ नव्हेत. पीव्हीसीची भुकटी मुळात कडक आणि ठिसूळच असते. रत्नागिरीजवळ रनपारला फिनोलेक्सच्या कारखान्यात हीच भुकटी तयार होते. तिच्यात उष्णता सोसावी म्हणून स्थिर ठेवणारी द्रव्ये आणि थोडी भर घालून नळी काढली की आपला नेहमीचा पांढरा किंवा करडा पाइप होतो. त्याच भुकटीत तेलासारखे द्रव भरपूर मिसळले की ती रबरासारखी लवते आणि बागेची नळी, रेनकोट, रेक्झिन असा माल निघतो. ही युक्ती १९२६ साली अमेरिकेतील गुडरिच कंपनीच्या वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाला साधली. तो शोधत होता धातूला रबर चिकटवणारा पदार्थ, हाती आला लवणारा पीव्हीसी. पुढे त्याचा लेप दिलेले कापड पाणी अडवते हे दिसले आणि माल बाजारात चालला. कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या माणसाचा पीव्हीसीशी संबंध असा जुना आहे, तेव्हा पाइपावर लिहिण्याचा थोडा हक्क आम्हालाही असावा. कडक पाइप जर्मनीत १९३० च्या दशकात निघाला आणि नंतर त्याने लोखंडी नळाची जागा घेतली.

मत्स्यपेटीच्या दृष्टीने लोखंडी नळ गेला हे बरेच झाले. जस्ताचा मुलामा दिलेल्या नळातून जस्त सुटते, तांब्याच्या नळीतून तांबे सुटते आणि दोन्ही माशांना विषासमान. समुद्री माशांच्या खाऱ्या पाण्यापुढे तर धातू टिकतच नाही. प्लास्टिकचा पाइप हाच मार्ग, प्रश्न फक्त कोणत्या स्वभावाचा.

उर्दूत लवण्याच्या गुणाला ‘लचक’ म्हणतात आणि तो कौतुकाचा शब्द आहे. मराठीत लचक कंबरेत भरते आणि माणूस आडवा पडतो. नरम पाइपाच्या बाबतीत दोन्ही अर्थ खरे ठरतात, ते पुढे येईलच.

कडक पाइपाची ताकद आणि त्याची मापे

कडक पाइपाचा मोठा गुण त्याच्या जोडात आहे. प्लंबर ज्याला ‘सोल्यूशन’ म्हणतात ते फेव्हिकॉलसारखे चिकटवण्याचे द्रव्य नाही. ते पाइपाचा आणि जोडाचा पृष्ठभाग वितळवते, दोन्ही एकमेकांत मिसळतात, द्रव उडून जाते आणि मागे एकच सलग प्लास्टिक उरते. नीट केलेला जोड पाइपाइतकाच मजबूत असतो. तो नीट करायची रीतही अवघड नाही. हेक्सा ब्लेडने पाइप काटकोनात कापायचा, कडेची कुसळे चाकूने काढायची, दोन्ही भाग कोरड्या फडक्याने पुसायचे, दोन्हीकडे पातळ थर लावायचा, पाव वळसा देत आत सारायचा आणि अर्धा मिनिट हलू न देता धरायचा. कोयनानगरात एक गोष्ट वाढवावी लागते. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की धुतलेली चादर चार दिवस वाळत नाही, मग सोल्यूशन कसे वाळेल? ओल राहिलेल्या पृष्ठभागावर जोड कच्चा बसतो. उन्हाळ्यात एक दिवस थांबलात तर पावसाळ्यात दोन दिवस थांबा. त्यानंतर दोनतीनदा पाणी भरून ओतून द्या आणि मगच मासे सोडा, कारण सोल्यूशनमधील द्रव्ये पूर्ण उडून जाईपर्यंत माशांना घातक असतात.

प्लंबरची एक खोड मात्र खपवून घेऊ नये. एल्बो वाचवायला पाइप जळत्या कागदावर शेकतात आणि वाकवतात, किंवा सॉकेट नाही म्हणून तोंड तापवून फुगवतात आणि दुसरा पाइप आत कोंबतात. वाकलेल्या जागी बाहेरची भिंत पातळ होते, आतली चुरगळते. जास्त तापला तर धूर निघतो तो आम्लाचा, छातीला वाईट. चार-पाच रुपयांच्या बचतीसाठी पाइपाचा सर्वांत कमजोर तुकडा आपणच तयार करून घेतो.

आता मापांची गोष्ट, कारण इथे पैसे हमखास वाया जातात. शेतीच्या पाण्यासाठी जो पाइप मिळतो तो भारतीय मानक ४९८५ प्रमाणे बाहेरच्या व्यासावर मोजला जातो: २०, २५, ३२, ४०, ५०, ६३ मिलिमीटर असा. त्यावर दाबाचा वर्गही छापलेला असतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ४ किलो, ६ किलो वगैरे. घरगुती प्लंबिंगचा पाइप इंचात विकतात: अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड. नवख्याला वाटते २५ मिलिमीटर म्हणजेच एक इंच. तसे नाही. एक इंची प्लंबिंग पाइपाचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर असतो आणि पाऊण इंचीचा २६.७. तेव्हा २५ चा शेतीचा पाइप पाऊण इंची एल्बोत ढिला बसतो. काही कारागीर तिथे सोल्यूशन भरपूर ओतून वेळ मारून नेतात, पण सोल्यूशन फट भरण्यासाठी नसते. तो जोड आज ना उद्या पाझरणारच. पाइप आणि जोड एकाच जातीचे घ्या. गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइपही यात मिसळू नका, त्याची मापे वेगळी आणि सोल्यूशनही वेगळे.

मत्स्यपेटीत दाब फारच थोडा असतो. चार-पाच फूट उंचीवर पाणी चढवायचे, एवढेच. त्यामुळे जाड भिंतीचा महाग पाइप घेण्याचे कारण नाही. खर्च करायचा तर व्यासावर करा. त्याच पाण्यासाठी पाइपाचा व्यास निम्मा केला तर घर्षण दुप्पट होत नाही, सुमारे तीसपट होते. तासाला १००० लिटर पाणी अर्ध्या इंची पाइपातून नेले तर ते सेकंदाला दीड मीटर वेगाने धावते आणि पंप धापा टाकतो. एक इंचीत तेच पाणी अर्धा मीटर वेगाने आरामात जाते. वरच्या पेटीतून खाली येणारे पाणी केवळ स्वतःच्या वजनाने येते, म्हणून खाली येणारा पाइप वर जाणाऱ्यापेक्षा एक माप मोठाच हवा. पंपाच्या डब्यावर ‘इतके लिटर’ आणि ‘इतके मीटर’ असे दोन आकडे ठळक छापलेले असतात. ते दोन्ही एकाच वेळी मिळत नसतात. पूर्ण उंचीवर पाणी शून्य आणि शून्य उंचीवर पाणी पूर्ण, असा त्याचा अर्थ. आपल्याला मधलेच काहीतरी मिळणार.

शिवाय प्रत्येक एल्बो पाण्याला अडवतो. एक इंची पाइपातला एक काटकोनी एल्बो सरळ पाइपाच्या अडीच फुटांइतका अडथळा करतो. म्हणजे पेटीमागे चार एल्बो बसवले की दहा फूट पाइप कागदावर न दिसता वाढला. ४० वॉटचा पंप रात्रंदिवस चालला तर महिन्याला सुमारे २९ युनिट वीज खातो. त्यातला किती भाग पाणी फिरवण्यात गेला आणि किती एल्बोशी झगडण्यात, हे बिलावर लिहून येत नाही.

नरम पाइप घेताना

नरम पाइप इथेच कामाला येतो. तो हवा तसा वळतो, एल्बो लागत नाही, सोल्यूशन लागत नाही, कात्रीने कापून निपलवर चढवला आणि क्लिप आवळली की झाले. अडचणीच्या जागेत, पेटीमागे भिंत चार बोटांवर असेल तेव्हा, कडक पाइप बसवणे जिकिरीचे असते. नरम पाइप तिथे पाच मिनिटांत बसतो. त्याहून मोठा गुण असा की तो पंपाची थरथर स्वतःत जिरवतो. पंपाला थेट कडक पाइप जोडला तर ती थरथर पाइपातून पेटीपर्यंत जाते आणि रात्री दुकानातले लाकडी स्टँडसुद्धा गुणगुणू लागते.

पण ‘नरम पाइप द्या’ एवढे सांगून दुकानात भागत नाही. तिथे किमान तीन प्रकार असतात. गवंडी पातळी घ्यायला वापरतात ती साधी पारदर्शक नळी, आत धागा असलेली ब्रेडेड नळी आणि अंगावर कडक प्लास्टिकचे वेटोळे असलेला सक्शन पाइप. पहिली नळी दाबाने फुगते आणि वळणावर चपटी होते, म्हणून हवेच्या बारीक पंपापलीकडे तिचा उपयोग नाही. तिसरा प्रकार पंपाच्या ओढीच्या बाजूला हवाच, कारण ओढीने साधी नळी आतल्या आत मिटते. त्याच्या नावातच ते काम लिहिलेले आहे. मात्र आतून जर तो लाटालाटांचा असेल तर घाण त्या खाचांत बसते आणि पाणीही अडते. बाहेर वेटोळे आणि आतून गुळगुळीत असा बघून घ्यावा.

ब्रेडेड नळीबद्दल दोन शब्द जास्त लिहिणे भाग आहे, कारण तिच्या पोटात आमचा माल आहे. पीव्हीसीच्या दोन थरांमध्ये पॉलिएस्टरचे सूत तिरके, एकमेकांवर काट मारत गुंडाळलेले असते. दाब येतो तेव्हा ताण ते सूत घेते, प्लास्टिक नव्हे. कापडात जसे ताणा-बाण्याची दाटी पाहून माल ओळखतात तशीच ही नळी ओळखावी. उजेडाकडे धरा. चौकटी लहान आणि सारख्या असतील तर माल चांगला. चौकटी मोठ्या, वाकड्या, कुठे सूत एकावर एक गोळा झालेले असेल तर ती नळी फुगणार ती नेमकी त्याच ठिकाणी. विकणारा वजनावर किंवा मीटरवर भाव सांगेल, सुताबद्दल बोलणार नाही. तुम्ही बोला.

परदेशात एक नरम पाइप मिळतो, त्याचा बाहेरचा व्यास कडक पाइपाइतकाच ठेवलेला असतो आणि तो सोल्यूशनने नेहमीच्या जोडात बसतो. आपल्याकडचा बागेचा किंवा सक्शनचा पाइप त्या मापाचा नसतो. तो सोल्यूशन लावून सॉकेटमध्ये कोंबण्याचा प्रयोग करू नये. त्याची जागा निपल आणि क्लिप हीच. थंडीत इथे पहाटे नळी लाकडासारखी ताठ होते आणि निपलवर चढत नाही. तेव्हा तिचे टोक मिनिटभर गरम पाण्यात बुडवावे, तेल लावू नये. क्लिप स्टेनलेस स्टीलची घ्यावी आणि ती पेटीच्या पाण्यात बुडणार नाही अशा ठिकाणी ठेवावी.

आता दोष. नरमपणा ज्या द्रवामुळे येतो ते द्रव कायमचे आत राहत नाही. हळूहळू बाहेर पडते, काही पाण्यात, काही हवेत, आणि नळी पिवळी, ताठ, शेवटी चिरणारी होते. निपलवरची पकड सैल पडते ती याच कारणाने, क्लिप आवळून ती परत येत नाही. स्वस्त नळीत हे द्रव आणि रंग कोणते आहेत याचा भरवसा नसतो, म्हणून ‘फूड ग्रेड’ छापलेलीच घ्यावी आणि नवी नळी दोनतीन दिवस साध्या पाण्यात फिरवून धुवावी. पारदर्शक नळीवर उजेड पडला की आत हिरवे शेवाळ धरते. लांब नळी मध्ये झोळीसारखी लोंबली की झोळीत गाळ साठतो आणि चढावर हवा अडकते. अशी अडकलेली हवा पाणी बंद पाडते आणि पंप मात्र चालू दिसतो. सबंध पेटीचे नळकाम नरम पाइपात करणाऱ्याची लचक शेवटी त्याच्याच कंबरेत भरते.

कडक पाइपालाही दोष आहेत, तेही सांगावे. तो उन्हात ठिसूळ होतो. तापमानाने लांबी बदलते. तीन मीटर पाइप २० अंशांच्या फरकाने सुमारे ४ मिलिमीटर वाढतो किंवा आक्रसतो, हे पत्र्याखालच्या शेडमध्ये ओळीने दहा पेट्या लावणाऱ्याने ध्यानात ठेवावे. बाहेरून आलेल्या मालात किंवा जुन्या साठ्यात शिशाची द्रव्ये असू शकतात. आपल्याकडे पीव्हीसी पाइपातले शिसे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले. म्हणून धूळ खात पडलेला जुना पाइप ‘अर्ध्या भावात नेता का?’ म्हणून कोणी देऊ केला तर माशांसाठी तो घेऊ नये, नाली काढायला हरकत नाही.

जमीन हलते त्या गावात

कोयनेच्या धरणात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि त्याबरोबर धरणाच्या दक्षिणेकडील पट्ट्यात हादरे सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, कोयनानगरची घरे पडली. त्यानंतरही हादरे थांबले नाहीत. बहुतेक इतके लहान की भांडी किणकिणतात आणि माणूस कूस बदलून झोपतो. कराडजवळ हजारमाचीला भूगर्भाची प्रयोगशाळा उभी राहिली ती या हादऱ्यांच्या अभ्यासासाठीच. माणसाला कूस बदलता येते, काचेच्या पेटीला येत नाही.

हादऱ्यात काय होते? पेटी आणि तिच्यातले २५० किलो पाणी एका लयीत हलते, भिंतीला क्लिपांनी पक्का केलेला पाइप भिंतीबरोबर हलतो आणि जमिनीवरची टाकी तिसऱ्याच लयीत. तिघांची हालचाल सारखी नसते. जोडणारा पाइप कडक असेल तर हा फरक कुठेतरी भरून निघावा लागतो आणि तो निघतो सर्वांत कमजोर जागी. ती जागा म्हणजे काचेला पाडलेले भोक. तिथे टँक निपल बसवलेला असतो आणि त्याला चिकटलेला चार फुटांचा कडक पाइप पहारीसारखे काम करतो. खाली दोन मिलिमीटर सरकला तरी वर काचेच्या कडेवर मोठा जोर येतो. काच वाकत नाही. पाटण भागातल्या एका दुकानात अशी भोकापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेलेली पेटी पाहिली आहे. तडा हादऱ्याने गेला की झाडू मारताना पाइपाला लाथ लागली म्हणून, यावर तिथे दोन मते होती. पण दोहोंत पाइपाने केलेले काम एकच.

मोठ्या प्रमाणावर हाच धडा जपानने शिकवला. १७ जानेवारी १९९५ ला कोबे शहराच्या भूकंपात पाण्याच्या मुख्य नळांचे जोड हजारो ठिकाणी निखळले. ज्या नळांचे जोड थोडे आतबाहेर सरकतील आणि तरी सुटणार नाहीत असे बनवले होते, ते मात्र टिकले. म्हणजे नळ लोखंडाचा असला तरी चालतो, जोडाला थोडी हालचाल हवी. आमच्या चार फुटी पेटीला एवढे जपानी तंत्र नको. पेटी आणि कडक पाइप यांच्यामध्ये नऊ इंच ते एक फूट नरम पाइप घातला की तेच साधते. तो ताणून बसवू नये, किंचित सैल, धनुष्यासारखा वळता ठेवावा. ताठ ओढून बसवलेली नळी हादऱ्यात निपलवरून निसटते. पंप आणि कडक पाइप यांच्यामध्येही असाच एक तुकडा घालावा, तिथे तो हादऱ्याबरोबर थरथरही सांभाळतो. बाकीची उभी-आडवी लांबी कडक पाइपात, भिंतीला दर दोन फुटांवर क्लिप मारून. कडक पाइपाने अंतर कापायचे आणि नरमाने सांधा सांभाळायचा, अशी ही वाटणी आहे. सबंध कडक किंवा सबंध नरम हे दोन्ही हट्ट इथे महाग पडतात.

जिथे नरम तुकडा आहे तिथे त्याच्या वरच्या बाजूला एक बॉल व्हॉल्व्ह आणि एक युनियन हवे, म्हणजे तुकडा बदलताना पेटी रिकामी करावी लागत नाही. युनियन न घालता सगळे सोल्यूशनने पक्के करणारा कारागीर आज दहा मिनिटे वाचवतो, पण पुढच्या दुरुस्तीला करवत लागते. भोक पाडताना काच साधी आहे ना हे आधी पाहावे. कडक केलेल्या, टफन्ड काचेला भोक पाडता येत नाही, ती क्षणात चुरा होते. आणि पाइपाचे वजन कधीही काचेवर टांगू नये, त्याला भिंतीचा आधार द्यावा. पेटीचे स्टँडही भिंतीला पट्टीने जखडावे, नाहीतर वरचे सगळे शहाणपण स्टँडबरोबर आडवे होईल. पेटी काठोकाठ न भरता दोन इंच रिकामी ठेवली तर हादऱ्यात पाणी हिंदकळून बाहेर सांडत नाही.

वीज गेली तर

कोयनेच्या वीज प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे, महाराष्ट्रभर दिवे इथल्या पाण्यावर लागतात. तरी पावसाळ्यात झाड पडले की इथलीही वीज जातेच. पंप थांबला की वर जाणारा पाइप उलटा चालू लागतो. त्याचे तोंड पेटीच्या पाण्यात जितके खोल बुडलेले असेल तितके पाणी तो खालच्या टाकीत ओढून आणतो. चार फूट बाय दीड फूट पेटीत एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर. तोंड सहा इंच खोल असेल तर ८४ लिटर खाली येणार. खालची टाकी तेवढे सामावू शकली नाही तर ते दुकानाच्या फरशीवर. कापडाचे दुकान असेल तर खालच्या फळीवरचे तागे भिजलेच म्हणून समजा.

इथे कडक पाइप उजवा ठरतो. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीखाली एक इंचावर कायम ठेवता येते आणि पातळीच्या अगदी खाली ३ मिलिमीटरचे भोक पाडून ठेवले की पाणी भोकापर्यंत उतरताच हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. नरम नळीचे तोंड आज एक इंचावर, उद्या मुलाने हात लावला की तळाशी. म्हणून पेटीच्या आतले शेवटचे तोंड नेहमी कडक पाइपाचेच असावे. ते छोटे भोक शेवाळाने बुजते, पंधरा दिवसांनी काडी घालून मोकळे करावे. एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच बाजूने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवून निश्चिंत होणारे पुष्कळ आहेत. त्यात गोगलगायीएवढा कचरा अडकला तरी तो उघडा राहतो, म्हणून तो असला तरी भोक हवेच.

नळकाम पूर्ण झाल्यावर मासे आणण्याआधी एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून पाहावे. खालच्या टाकीत पाणी कुठपर्यंत चढते तिथे खूण करावी आणि रोजची पातळी त्या हिशेबाने ठेवावी. मग पुन्हा चालू करून पंप हवा न ओढता सुरू होतो का तेही पाहावे. ही परीक्षा फुकट आहे आणि ती कारागीर समोर असतानाच घ्यावी, त्याचे पैसे द्यायच्या आधी.

चार फुटी एका पेटीला एकंदर दहा-बारा फूट कडक पाइप, दोन-तीन फूट नरम पाइप, चार क्लिपा, दोन युनियन आणि एक-दोन बॉल व्हॉल्व्ह पुरतात. यातला कडक भाग वर्षानुवर्षे राहील. नरम तुकड्यांवर मात्र बसवल्याची तारीख मार्करने लिहून ठेवावी आणि दोन वर्षांनी, ताठ झाल्यासारखे वाटले तर त्याआधीही, ते बदलावेत. बदलायला मे महिना चांगला. जोड वाळतात, रस्ता सुकलेला असतो आणि कराडहून माल आणता येतो. जुलैत नळी चिरली तर घाटातल्या पावसात दुकान शोधत फिरावे लागते.